पियानो सोनाटा ऐकणाऱ्यांना पडणारे (आणि त्यांना विचारले जाणारे) प्रश्न

स्वर तेच, कागद तोच. मग एकाच सोनाटाची दहा-दहा रेकॉर्डिंग्ज लोक कशाला जमवतात?

कागदावर सगळं लिहिलेलं नसतं म्हणून. बेथोव्हेनने स्वर लिहिले, त्यांची लांबी लिहिली, कुठे हळू आणि कुठे जोरात तेही लिहिलं. पण हळू म्हणजे किती हळू, एकदम वाजणाऱ्या चार स्वरांतला कुठला किंचित वर ठेवायचा, एक वाक्य संपल्यावर पुढचं सुरू करण्याआधी केवढा श्वास घ्यायचा, हे वादकाने ठरवायचं असतं.

त्यात पियानो हे मोठं अडचणीचं वाद्य. पट्टी दाबली की आतली हातोडी तारेवर आदळते, आणि त्याच क्षणापासून स्वर विरायला लागतो. गळ्यासारखा तो फुगवता येत नाही, सतारीसारखी मींड घेता येत नाही. पियानोवर 'गाणं' ऐकू येतं तो मुळात आभास असतो. विरत चाललेल्या स्वराच्या टोकाला पुढचा स्वर नेमक्या वजनाने टेकवला तरच दोन्ही मिळून एक सलग ओळ भासते. वजन जरा जास्त झालं की ओळ तुटते आणि नुसती ठकठक उरते. मोठ्या वादकांचं मोठेपण पुष्कळदा या एवढ्याशा जागेत असतं, आणि ते कळायला एकच रचना दोन-तीन हातांनी वाजलेली ऐकावी लागते. एकच रेकॉर्डिंग ऐकणाऱ्याला रचना आवडते, वादक मात्र त्याला दिसतच नाही.

सोनाटा म्हणजे नेमकं काय?

बहुतेक वेळा तीन किंवा चार भागांची वाद्यरचना. प्रत्येक भागाला मूव्हमेंट म्हणतात. पहिला भाग सहसा जलद असतो आणि त्यात दोन वेगळ्या स्वभावाच्या सुरावटी एकमेकींसमोर उभ्या राहतात, मग संथ भाग, मग जलद शेवट. नियम म्हणावा तर अपवादच जास्त. एवढ्यावर ऐकायला सुरुवात करायला हरकत नाही.

सुरुवात कुठून करू? बेथोव्हेनचेच ३२ आहेत म्हणे.

ओपस क्रमांक (म्हणजे छापील रचनेला दिलेला अनुक्रमांक) असलेले ३२. पहिले तीन १७९६ साली छापले गेले आणि संगीतकार हायडनला अर्पण केलेले होते, शेवटचा १८२२ मधला. पहिल्यापासून क्रमाने ऐकायला घेऊ नका, सातव्या-आठव्यापर्यंत कंटाळा येईल आणि दोष बेथोव्हेनला लागेल.

'पाथेटिक' (ओपस १३) घ्या. विल्हेल्म केम्फचं रेकॉर्डिंग घ्या आणि फक्त मधला संथ भाग ऐका, पाच मिनिटांच्या आसपासचा आहे. मग तोच भाग एमिल गिलेल्सकडून ऐका. केम्फचा हात हलका, बोलल्यासारखा. गिलेल्सचा स्वर भरीव, खोलवर जाणारा. कोण चांगला हे ठरवण्याच्या भानगडीत पडू नका. खालून चालणारी डाव्या हाताची साथ कोण किती ऐकू देतो, एवढंच बघा. हा फरक ऐकू आला की पुढचं सगळं आपोआप होतं.

'मूनलाइट' का नको? तो तर सगळ्यांना माहीत असतो.

म्हणूनच. ते नाव बेथोव्हेनने दिलेलं नाही. तो गेल्यानंतर लुडविग रेलश्टाब नावाच्या समीक्षकाला पहिल्या भागात चांदण्यातलं सरोवर दिसलं आणि तेव्हापासून सगळ्यांना तेच दिसू लागलं. लग्नाच्या व्हिडिओपासून ध्यानाच्या ॲपपर्यंत तो इतका वापरला गेलाय, की आधी कान धुऊन घ्यावे लागतात.

धुवायचे असतील तर आंद्राश शिफचं रेकॉर्डिंग ऐका. बेथोव्हेनने पहिल्या भागाच्या सुरुवातीलाच लिहून ठेवलंय की तारा दाबणाऱ्या गाद्या उचललेल्याच ठेवायच्या, म्हणजे पेडल दाबूनच ठेवायचं. त्याच्या काळच्या पियानोवर स्वर लवकर विरायचा, त्यामुळे ते चालून जायचं. आजच्या दणकट पियानोवर स्वर एकमेकांत मिसळून चिखल होतो, या भीतीने बहुतेक वादक पेडल बदलत राहतात. शिफ मूळ सूचना मनावर घेतो आणि वेगही नेहमीपेक्षा वाढवतो. एका सुरावटीचं धुकं दुसरीवर रेंगाळत राहतं. काहींना हे अजिबात सहन होत नाही. मला वाटतं, या भागातला गोडवा कमी करून त्यातली अस्वस्थता परत आणणारं हे वादन आहे.

आर्टुर श्नाबेल चुकीच्या पट्ट्या दाबतो. तरी त्याचं एवढं कौतुक का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो, आणि साहजिक आहे. आजच्या गुळगुळीत रेकॉर्डिंगची सवय असलेल्या माणसाने श्नाबेलचा 'हॅमरक्लाव्हियर' (बेथोव्हेनचा ओपस १०६) लावला तर पहिल्याच मिनिटात त्याला वाटतं, हा काय प्रकार आहे.

आधी परिस्थिती समजून घ्या. बेथोव्हेनचे सगळेच्या सगळे ३२ सोनाटा ध्वनिमुद्रित करणारा श्नाबेल पहिला. हे काम लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत १९३२ ते १९३५ या काळात झालं. एवढा मोठा संच दुकानात कोण विकत घेणार, म्हणून एचएमव्हीने आधी वर्गणीदार जमवले आणि 'बेथोव्हेन सोनाटा सोसायटी'च्या नावाने तबकड्या काढल्या. तेव्हा चुंबकीय फीत नव्हती. मेणाच्या तबकडीवर थेट वाजवायचं, एका बाजूला चार-साडेचार मिनिटं मावायची, मध्ये कुठे चूक झाली तर कापून जोडायची सोय नाही. पूर्ण बाजू पुन्हा वाजवायची किंवा चूक तशीच सोडायची. श्नाबेलला मुळात ध्वनिमुद्रणाचाच तिटकारा होता, कित्येक वर्षं त्याने नकारच दिला होता. आणि याच काळात, १९३३ साली, नाझी सत्तेवर आल्यावर या ज्यू कलावंताला बर्लिन कायमचं सोडावं लागलं.

आता वादन. प्रत्यक्षात वाजवून जितकं साधेल त्याहून जे संगीत मोठं आहे त्यातच आपल्याला रस आहे, असं तो म्हणायचा. हॅमरक्लाव्हियरच्या पहिल्या भागाला बेथोव्हेनने मेट्रोनोमवर (मिनिटाला किती ठोके हे मोजणारं यंत्र) १३८ हा वेग लिहिलाय. तो अशक्य आहे असं पुष्कळ मोठमोठ्या वादकांचं मत. श्नाबेल त्या वेगाच्या मागे जीव तोडून धावतो आणि नऊ मिनिटांच्या आत भाग संपवतो. गिलेल्स त्याच भागाला बारा मिनिटांच्या आसपास घेतो. श्नाबेलच्या त्या धावण्यात स्वर सांडतात, जिने कोसळल्यासारखे सांडतात. पण ही रचना कुणाचीही गय करणारी नाही, ती माणसाच्या आवाक्याबाहेर जाऊ बघते, हे त्याच्याकडे कळतं तसं स्वच्छ वाजवणाऱ्यांकडे क्वचित कळतं.

आणि ज्यांना वाटतं श्नाबेल म्हणजे नुसता धसमुसळेपणा, त्यांनी त्याच सोनाटाचा संथ भाग ऐकावा. तिथे एकही स्वर घाईत नाही.

हॅमरक्लाव्हियरचा संथ भाग खरंच एवढा लांब आहे?

घेणाऱ्यावर आहे. केम्फकडे सोळा मिनिटांच्या जरा पुढे, सॉलोमनकडे बावीसच्याही पुढे. सॉलोमन हा इंग्रज वादक, फक्त पहिल्या नावाने ओळखला जायचा. ३२ सोनाटांचं त्याचं ध्वनिमुद्रण चालू असतानाच १९५६ साली त्याला पक्षाघाताचा झटका आला. त्यानंतर तो तीस वर्षांहून जास्त जगला, मैफल मात्र पुन्हा कधी झाली नाही.

या भागाच्या सुरुवातीला फक्त दोन स्वर आहेत, एकापाठोपाठ एक चढणारे, आणि मग मुख्य सुरावट. हे दोन स्वर मूळ हस्तलिखितात नव्हते. सोनाटा लिहून झाला, लंडनमधल्या प्रकाशनाची तयारी सुरू होती, तेव्हा बेथोव्हेनने आपला शिष्य फर्डिनांड रीस याला पत्राने कळवलं की सुरुवातीला हे दोन स्वर घाला. वीस मिनिटांच्या संगीताला दोन स्वरांची भर कशाला, असं रीसलाही वाटलं. नंतर ऐकल्यावर तो थक्क झाला. कुठलंही रेकॉर्डिंग लावलंत तरी या दोन स्वरांकडे नीट कान द्या. सॉलोमन ते अगदी भावना न दाखवता ठेवतो, जणू दार उघडलंय एवढंच सांगतो. काहीजण त्यातच रडायला लागतात. मग पुढच्या वीस मिनिटांत जायचं कुठे?

असं वेडावून कौतुक करणं ही रेकॉर्ड आल्यानंतरची सवय आहे का?

मुळीच नाही. हॅमरक्लाव्हियर १८१९ साली छापला गेला आणि पुढे बरीच वर्षं न वाजवता येणारा सोनाटा म्हणून पडून होता. १८३६ साली चोवीस वर्षांच्या फ्रान्झ लिस्टने तो पॅरिसमध्ये वाजवला. ऐकणाऱ्यांत संगीतकार हेक्टर बेर्लिओझ होता आणि छापील प्रत समोर ठेवून तो ऐकत होता. मग त्याने वर्तमानपत्रात लिहिलं, की या नव्या ईडिपसने (ग्रीक पुराणात राक्षसिणीचं कोडं सोडवणारा तो) कोडं सोडवलं. एकही स्वर गाळला नाही, एकही पदरचा घातला नाही, याची ग्वाहीसुद्धा दिली. लिस्ट एरवी दुसऱ्याच्या रचनेत बिनदिक्कत भर घालायचा हे लक्षात घेतलं, तर त्या दुसऱ्या वाक्याची खुमारी कळते.

ओपस १११ चं नाव निघालं की लोक एकदम गंभीर का होतात?

बेथोव्हेनचा हा शेवटचा, बत्तिसावा पियानो सोनाटा. यात दोनच मूव्हमेंट आहेत. पहिली सी मायनरमधली, वादळी. दुसरी 'आरिएट्टा', म्हणजे छोटंसं गाणं, सी मेजरमध्ये. सोळा मापांचं (माप म्हणजे ठोक्यांचा एक ठरावीक गट) साधं गाणं आणि त्यावर रचलेली रूपं, मिळून पंधरा ते वीस मिनिटं. तिसरा भाग का नाही, असं सेक्रेटरी शिंडलरने विचारलं आणि 'वेळ मिळाला नाही' असं उत्तर मिळालं, ही कथा शिंडलरनेच सांगितलेली आहे. शिंडलरने बेथोव्हेनच्या संभाषणवह्यांत मागाहून स्वतःच्या नोंदी घुसडल्या होत्या हे पुढे सिद्ध झालंय, तेव्हा त्याच्या साक्षीला किती किंमत द्यायची ते तुम्ही ठरवा.

आरिएट्टात काय होतं ते सांगतो. गाणं सुरुवातीला इतकं साधं असतं की कुणीही वाजवेल. मूळ ठोका कायम राहतो, पण प्रत्येक नव्या रूपात त्या ठोक्याच्या आत मावणारे स्वर वाढत जातात. आपल्याकडे दुगुन-चौगुन होते तसं, फक्त वजनं वेगळी. तिसऱ्या रूपापर्यंत येता येता लय अशी उसळते की ऐकणारा दचकतो, कारण ते सरळसरळ जॅझ वाटतं. १८२२ साली! मग एकाएकी सगळं विरळ होतं. डावा हात तळाशी गुरगुरतो, उजवा अगदी वरच्या टोकाला चमकत राहतो, मधली सगळी जागा रिकामी. शेवटी दोन शेजारच्या स्वरांची अखंड थरथर, म्हणजे ट्रिल, आणि तिच्याच सोबत मूळ गाणं परत येतं. एकाच हाताने थरथरही चालू ठेवायची आणि गाणंही म्हणायचं. थरथर जरा जड झाली की गाणं बुडतं, जरा सैल झाली की जादू जाते.

इटालियन वादक मौरिझिओ पोलिनीचं १९७० च्या दशकातलं रेकॉर्डिंग इथे पुष्कळांच्या मते शिखर आहे. त्याची थरथर एकसारखी, संगमरवरावरून बोट फिरवल्यासारखी. तो थंड आहे अशीही तक्रार असते. पहिल्या भागात मला ती पटते, आरिएट्टात नाही. तिथे भावना बाहेरून ओतावी लागत नाही, ठोका ढळू न देणं एवढंच पुष्कळ असतं. पोलिनी २०२४ च्या मार्चमध्ये गेला तेव्हा जगभरच्या चाहत्यांनी पहिल्यांदा हीच तबकडी काढली असणार, अशी माझी खात्री आहे.

पूर्ण ३२ चा सर्वोत्तम संच कोणता?

नाही असा काही. श्नाबेलचा इतिहास म्हणून आणि त्याहून जास्त वादन म्हणून हवाच. केम्फचा १९५० च्या दशकातला मोनो संच रोज ऐकण्यासाठी. आल्फ्रेड ब्रेंडेलने तीन वेळा संच केले. शेवटचा मला आवडतो, कारण त्यात त्याचा खट्याळपणा पिकलेला आहे. २००८ साली व्हिएन्नात शेवटची मैफल करून तो थांबला आणि २०२५ च्या जूनमध्ये गेला. नव्यांपैकी ईगोर लेव्हिटचा २०१९ चा संच.

गिलेल्सचा संच मात्र अपुरा आहे. १९८५ साली तो गेला तेव्हा पाच सोनाटा राहिले होते, त्यांत ओपस १११. जे आहेत त्यांतला 'वाल्डश्टाइन' ऐकल्याशिवाय कुठल्याही संचाबद्दल मत देऊ नका.

या यादीत बायका कुठे आहेत?

यादी करणाऱ्यांनी मागे ठेवल्या. ॲनी फिशरची गोष्टच बघा. बुडापेस्टची ही वादक, १९१४ चा जन्म. समोर श्रोते नसतील तर वाजवणं तिला खोटं वाटायचं. हंगेरीतल्या हंगारोटोन कंपनीसाठी १९७७ पासून तिने ३२ ही सोनाटा ध्वनिमुद्रित केले, पुढे कित्येक वर्षं त्यांवर काम करत राहिली आणि समाधान न झाल्यामुळे हयातीत ते बाहेर येऊ दिले नाहीत. १९९५ साली ती गेल्यानंतर संच निघाला, आणि तोपर्यंत आपापले क्रम लावून निवांत बसलेल्या रसिकांना सगळं पुन्हा मांडावं लागलं. तिचा सूर खडा आहे, दातांनी चावून तोडल्यासारखे आघात आहेत, कुठेही नटवणं नाही. ओपस १० मधला तिसरा सोनाटा तिच्याकडून ऐका, विशेषतः त्याचा संथ भाग.

तिच्यासोबत मायरा हेस (युद्धाच्या काळात लंडनच्या नॅशनल गॅलरीत दुपारच्या मैफली भरवणारी), मॉस्कोची मारिया युदिना, मार्था आर्गेरिच, मित्सुको उचिदा, मारिया जुआंव पिरेश ही नावं लिहून ठेवा.

मोझार्टचे सोनाटा तर क्लासमधली मुलं वाजवतात. त्यात मोठ्या कलाकाराला काय करायचं असतं?

याला उत्तर श्नाबेलचंच: मुलांसाठी ते फार सोपे आणि कलाकारांसाठी फार कठीण. स्वर इतके कमी की लपायला जागाच नाही. व्लादिमीर होरोविट्झ १९२५ साली रशिया सोडून गेला तो १९८६ च्या एप्रिलमध्ये, वयाच्या ८२ व्या वर्षी मॉस्कोत परत आला. गडगडाटी वादनासाठी जगभर नावाजलेला हा माणूस, त्या मैफलीत त्याने स्कार्लाट्टीच्या रचनांनंतर मोझार्टचा सी मेजरमधला के ३३० ('के' हा मोझार्टच्या रचनांच्या यादीतला क्रमांक) घेतला. चित्रीकरण उपलब्ध आहे. बोटं जवळजवळ सपाट, मनगट पट्ट्यांच्याही खाली, आणि सूर मात्र मोत्यांसारखे सुटे.

शूबर्टचा शेवटचा सोनाटा रिख्टर इतका संथ का वाजवतो?

डी ९६० ('डी' हा शूबर्टच्या रचनांच्या यादीतला क्रमांक). शूबर्टने तो १८२८ च्या सप्टेंबरमध्ये पुरा केला आणि नोव्हेंबरमध्ये, वयाच्या ३१ व्या वर्षी, तो गेला. पहिली सुरावट शांत, चालत्या प्रार्थनेसारखी, आणि ती थांबते तिथे अगदी खर्जात एक दबलेली थरथर. लांबवर ढग गडगडावा तशी. मग शांतता, मग पुन्हा तीच सुरावट.

स्व्यातोस्लाव रिख्टर एकट्या पहिल्या भागाला चोवीस-पंचवीस मिनिटं घेतो. ब्रेंडेल साधारण पंधरा. यात थोडी मेख आहे. शूबर्टने भागाचा पहिला हिस्सा परत वाजवायला सांगितलंय, रिख्टर ते पाळतो, ब्रेंडेल पाळत नाही. परत जाताना नऊ मापांचे वेगळेच, आरडाओरडा करणारे स्वर येतात, आणि ते या रचनेत बसत नाहीत असं ब्रेंडेलचं ठाम मत होतं. त्यावरून रसिकांमध्ये जी भांडणं होतात ती ऐकण्यासारखी असतात. माझा कौल परत वाजवण्याच्या बाजूने. त्या नऊ मापांत खर्जातली ती थरथर एकदाच पूर्ण ताकदीने फुटते, आणि ते गाळलं तर पुढची सगळी शांतता बिनकारणाची वाटते.

रिख्टरकडे परत येऊ. कॅनडाचा ग्लेन गूल्ड १९५७ साली रशियाच्या दौऱ्यावर होता आणि मॉस्कोत त्याने रिख्टरकडून हाच सोनाटा ऐकला. गूल्डला शूबर्टची पुनरावृत्ती सहन व्हायची नाही. सुरावट सुरू झाली तीच त्याने कधी ऐकली नव्हती एवढ्या संथ वेगात, आणि पुढचा तासभर आपण संमोहित झाल्यासारखे बसलो होतो, असं त्याने नंतर सांगितलं. एका वादकाने दुसऱ्याला दिलेली याहून मोठी दाद मला ठाऊक नाही. अपवाद एक. गिलेल्स १९५५ साली अमेरिकेत गाजत होता, लोक स्तुती करत होते, तेव्हा तो म्हणायचा, थांबा, अजून तुम्ही रिख्टर ऐकला नाहीत.

गूल्ड स्वतः बेथोव्हेन मुद्दाम बिघडवून वाजवायचा, हे खरं?

'आपासियोनाता' (ओपस ५७) त्याला आवडत नसे आणि ते त्याने लपवलं नाही. पहिला भाग बहुतेक जण दहा मिनिटांच्या आतबाहेर संपवतात, गूल्ड जवळपास पंधरा घेतो. एकदा ऐका, परत ऐकणार नाही. मात्र बेथोव्हेनचे शेवटचे तीन सोनाटा त्याने १९५६ साली, ऐन विशीत, मुद्रित केले, ते जरूर ऐका.

कलाकाराची दुःखद कथा माहीत असली की वादन जास्त भिडतं. ही फसवणूक नाही का?

डिनू लिपाटीचं उदाहरण घेऊ. रुमानियाचा हा वादक कर्करोगाने खंगलेला. १६ सप्टेंबर १९५० ला फ्रान्समधल्या बेझांसाँ इथे त्याची मैफल ठरलेली, डॉक्टर नको म्हणत होते. तो तिथे पोचला आणि वाजवलं. बाखनंतर मोझार्टचा ए मायनर सोनाटा, के ३१०. शेवटी शोपेनचे चौदा वॉल्ट्झ ठरले होते, तेरा झाले आणि चौदाव्याची ताकद उरली नाही. थोडं थांबून त्याने बाखची एक प्रार्थना वाजवली. डिसेंबरात तो गेला, वय ३३.

हे माहीत असताना ते रेकॉर्डिंग तटस्थपणे ऐकणं शक्य नाही, मान्य. पण के ३१० च्या पहिल्या भागात केविलवाणं काही शोधून दाखवा. लय ताठ, डाव्या हाताचे ठोके करकरीत, एकही वाक्य ओढलेलं नाही. रचनेआधी तो हात मोकळा करायला चार सुरावटी छेडतो, त्याही मुद्रित झाल्यात. कथा पुसून टाकली तरी हे वादन उभं राहतं.

आता उलट बाजू. जॉइस हॅटो ही इंग्रज वादक, आजारपणामुळे मंचावरून निवृत्त. तिच्या उतारवयात तिच्या नावाने शंभराहून जास्त सीडी निघाल्या, बेथोव्हेन, शूबर्ट, लिस्ट, सगळंच. झाकलेलं माणिक सापडलं म्हणून समीक्षकांनी भरभरून लिहिलं. २००६ मध्ये ती वारली. २००७ च्या सुरुवातीला कुणीतरी तिची लिस्टची सीडी संगणकात घातली, तर संगणकाने वादकाचं नाव दाखवलं लास्लो सिमॉन. ग्रामोफोन मासिकाने तपास केला आणि एकामागून एक सीडी दुसऱ्यांच्या निघाल्या. काहींचा वेग यंत्राने थोडा बदललेला. हे उद्योग तिच्या नवऱ्याने केले होते आणि त्याने ते कबूल केलं.

समीक्षकांना तेव्हा सगळे हसले. पण वादन खरोखरच चांगलं होतं, आणि ते ज्यांचं होतं त्यांतल्या बऱ्याच जणांना एवढी स्तुती स्वतःच्या नावाने कधी मिळाली नव्हती. मित्रांना जमवून नावं न सांगता चार रेकॉर्डिंग्ज ऐकवायचा खेळ अधूनमधून जरूर करावा. मैत्री टिकवायची असेल तर गुण मात्र लिहून काढू नयेत.

वादकाने लिहिलेलं सरळ बदललं तर?

राख्मानिनॉव्हचं १९३० चं शोपेनच्या दुसऱ्या सोनाटाचं रेकॉर्डिंग ऐका, ज्यात ती प्रसिद्ध शोकयात्रा आहे. मधल्या कोमल भागानंतर यात्रेची सुरावट परत येते तिथे शोपेनने हळू आवाजात लिहिलंय. राख्मानिनॉव्ह ती पूर्ण ताकदीने, घणासारखी आदळतो आणि मग पावलापावलाने आवाज उतरवत नेतो. यात्रा आपल्या समोरून जाते आणि दूर निघून जाते. लिहिलेल्याशी बेइमानी आहेच. पण एकदा ऐकल्यावर ते कानातून निघत नाही, आणि मग इतर सगळे बिचारे नियम पाळणारे वाटायला लागतात.

मूव्हमेंट संपली की टाळ्या वाजवायच्या का? वाह म्हणावंसं वाटलं तर?

आज रिवाज असा, की पूर्ण सोनाटा संपेपर्यंत गप्प. हा रिवाज फार जुना नाही. लिस्टच्या काळात लोक मधेच ओरडायचे. भीमसेनजींच्या तानेला समेवर मान हलवून, हात उचलून दाद देणाऱ्या आपल्या माणसाला हे जड जातं, मुंबईच्या सभागृहात ते दिसतंही. मान हलवा, कुणाची हरकत नसते. आवाज करू नका. शेवटचा स्वर विरल्यावर वादकाचा हात पट्ट्यांवरून उतरेपर्यंत थांबा. ओपस १११ नंतर लगेच 'ब्रावो' ओरडणाऱ्याला माझ्या मते पुढच्या मैफलीचं तिकीट मिळू नये.

टाळ्यांनंतर वादक एखादी जास्तीची रचना वाजवतात. श्नाबेल कधी वाजवत नसे. टाळ्या ही पावती असते, बिल नव्हे, असं त्याचं म्हणणं.

आपल्याकडे प्रत्यक्ष ऐकायला मिळतं का?

मुंबईत नरिमन पॉइंटच्या एनसीपीएवर (नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स) नजर ठेवा, परदेशी वादक प्रामुख्याने तिथेच येतात. पणजी आणि जुन्या गोव्यातही अधूनमधून मैफली होतात. पावसाळी दमट हवेत पियानोचं लाकूड फुगतं आणि सूर हलतो, त्यामुळे सप्टेंबरानंतरचे महिने बरे.

नोटेशन वाचता येत नाही. अडेल का?

नाही. तरी रेकॉर्डिंगबरोबर नोटेशन सरकत जाणारे व्हिडिओ यूट्यूबवर भरपूर आहेत, एखादा पाहा. न वाचता आलं तरी ठिपके दाट कुठे होतात आणि विरळ कुठे, हे दिसतंच.

यासाठी पैसे किती घालवावे लागतील?

सुरुवातीला काहीच नाही. भारतात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षांनी संपतो, त्यामुळे श्नाबेलचा पूर्ण संच, लिपाटी, राख्मानिनॉव्ह हे सगळं आता मुक्त आहे. पैसे खर्च करायचेच तर आधी हेडफोनवर करा. फोनच्या स्पीकरवर शूबर्टची खर्जातली ती थरथर ऐकूच येत नाही.

बेथोव्हेन-शूबर्टच्या पुढे काय?

लिस्टचा बी मायनर सोनाटा आर्गेरिचकडून. १८५४ मध्ये छापलेला, रॉबर्ट शूमानला अर्पण केलेला. क्लारा शूमानला तो नुसता गोंगाट वाटला होता. मग प्रोकोफिएव्हचा सातवा. रिख्टरने तो चार दिवसांत बसवून १९४३ च्या जानेवारीत, ऐन युद्धात, मॉस्कोत पहिल्यांदा वाजवला. त्याचा शेवटचा भाग सात मात्रांचा आहे, दोन-तीन-दोन अशा वजनाचा. पहिल्यांदा ऐकताना बोटांवर मोजून बघा. रूपक तालाच्या तीन-दोन-दोनची सवय असलेला हात पहिल्या आवर्तनात चुकतो, तिसऱ्यापर्यंत बसतो.